पाऊस दारात आणि पाखं उघडं

आमचं देवगडजवळचं घर सामायिक आहे. घरपत्रकावर आजोबांच्या मागे लागलेली सगळी नावं, आणि त्यातली बहुतेक माणसं मुंबई-पुण्याला. बारमाही राहतात ते फक्त काका-काकी आणि माझी आई. त्यामुळे कौलं शाकारणं, चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या, भिंती घासणं, दर्जा (दगडांमधले सांधे) भरणं, पावसाच्या बाजूला झड (झापांचा आडोसा) बांधणं, ही बाहेरची सगळी कामं चाकरमानी गावात असतील तेवढ्यात मे महिन्यात उरकायची. पूर्वी गडी मिळत. आता कौलांवर चढणारा जाणता माणूस वाडीत एखादाच उरलाय, आणि मेमध्ये त्याची तारीख मिळणं लग्नाच्या हॉलपेक्षा कठीण.

२०२५च्या मेमध्ये मी माहेरी गेले ती याच कामासाठी. सुतारकाकांनी कशीबशी तारीख दिली होती, पण अट घातली, "वर मी आणि तुमचो एक माणूस. बाकीच्यांनी खाली ऱ्हवायचा." ही अट मला फार पटली. घरचे मदतीला आले की प्रत्येकाला वर चढायचं असतं, फोटोही तिथेच चांगले येतात. खाली उभं राहून कौलं झेलणं, घासणं, लावून ठेवणं हे खरं कष्टाचं काम. त्याला कुणी उत्सुक नसतं.

त्याआधी पत्र्याचा वाद झाला, तो होणारच होता. दादाचं म्हणणं, कौलं उतरवा, पत्रे घाला, कायमची कटकट मिटवा. त्याचंही चूक नाही. गेली काही वर्षं माकडांनी उच्छाद मांडलाय. फणसावरून उडी थेट पाख्यावर, म्हणजे छपराच्या उतारावर, आणि एका उडीत दोन-तीन कौलं जातात. वाडीतल्या बऱ्याच घरांवर आता कौलांच्याही वर पत्र्याची शेड आहे. काका म्हणाले, "पत्र्याखाली मे महिन्यात दुपारी जेवून दाखव, मग बोलू." वासे अजून ठणठणीत आहेत हा त्यांचा दुसरा मुद्दा. शेवटी ठरलं की यंदा पश्चिमेचं पाखं उतरवून साफ करायचं, पत्र्याचं पुढे बघू. आमच्या घरात "पुढे बघू" हा निर्णयच असतो.

कौलं उतरवताना सुरुवात वरून, छपराच्या माथ्यावरच्या कोन्यांपासून. बसवताना खालून, पागोळीच्या ओळीपासून वर. मंगलोरी कौल भरतं अडीच किलोच्या आसपास आणि एका चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात. म्हणजे एक पाखं उतरवायचं तर हातोहात माल देणारी माणसांची साखळीच हवी. शिडीवर भाचा, खाली आतेभाऊ, मग मी, मग वहिनी. सुतारकाका दादाला सारखे बजावत होते, "कौलार नाय, वाशार पाय ठेव. आधी फळी टाक, मगे पाय." उजाडताच सुरू करायचं आणि अकराच्या आत उतरायचं, कारण नंतर कौलावर हात ठेववत नाही.

खाली आल्यावर प्रत्येक कौल आईच्या हातात जायचं. ती ओट्यावर बसून बोटाच्या पेराने त्यावर टिचकी मारायची. टणक, मोकळा आवाज आला तर उजवीकडे. बद्द आवाज आला तर डावीकडे, मग वरून ते कितीही धड दिसो. बद्द वाजतं त्यात केसाएवढी चीर असते, ती ओल्या कौलावर एकदम दिसून येते. मी दोन-चार कौलं पाण्यात बुडवून पडताळा घेतला. आई बरोबर होती.

घासायला नारळाचं सोडण (वरचं काथ्याचं साल) आणि पाणी, बास. साबण नाही, तारेचा ब्रश नाही. खरं लक्ष द्यायचं ते कौलाच्या कडेच्या खाचांकडे. घर गळतं ते दर वेळी कौल फुटलं म्हणून नव्हे. खाचेत शेवाळ, पाचोळा आणि माती साठते, पाणी तिथे अडतं आणि मागे फिरून आत उतरतं. आमच्याकडच्या निम्म्या गळतीचं कारण हेच निघालं. धुतलेली कौलं आडवी रचायची नाहीत, उभी टेकवून ठेवायची.

नवीन कौलं आणून भागत नाही हेही कळलं. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि त्यानंतर त्या किनाऱ्यावर कितीतरी कारखाने उभे राहिले. प्रत्येकाच्या खाचेचं माप थोडं निराळं. एकाचं कौल दुसऱ्याच्या ओळीत नीट बसत नाही, फट राहते. म्हणून काका कौल उलटं करून मागचा शिक्का बघतात आणि मगच वर देतात.

पाखं अर्धं उघडं असताना पाऊस आला. वळिवाची एखादी सर येईल हे धरलेलं होतं, पण त्या वर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्यातच कोकण किनाऱ्यासमोर कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आणि पाऊस थांबेचना. पुढे २५ मेला मोसमी पाऊस देवगडपर्यंत पोचल्याचं जाहीर झालं, २६ला मुंबई. एरवी आमच्याकडे जूनचा पहिला आठवडा उलटतो. काकी अंगणातून ओरडली, "पाऊस इलो! ताडपत्री खंय?" ताडपत्री आंब्याच्या पेट्यांवर घातलेली. माजघरातली धान्याची पिंपं आधी हलवायची की ताडपत्री आधी ओढायची यावर तेवढ्यात दोन मतं झाली. ओल्या कौलांवर पाय ठरत नाही, त्यामुळे सुतारकाका आणि दादा आधी खाली उतरले आणि मग शिडीवरूनच ताडपत्री सरकवली. त्यानंतर काम उघडिपीच्या हिशोबाने चाललं: दोन तास ऊन मिळालं की दोन ओळी.

भिंतींचं काम मात्र पावसामुळे सोपं झालं, शेवाळ आयतंच भिजलेलं. आतेभावाने पुण्याहून पाण्याच्या जोराने धुणारं मशीन आणलं होतं. मागच्या भिंतीवर आधी करून बघितलं, तर सांध्यातला जुना माल भसाभसा बाहेर, वर जांभ्याची लाल भुकटी. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागून कडक होतो, पण असतो सच्छिद्रच. मशीनने पायऱ्या आणि अंगणातल्या फरशा धुतल्या, भिंतींना काथ्याचा ब्रश. मग उघडे पडलेले सांधे खरवडून दर्जा भरल्या. चुना लावायचा बेत रद्द केला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, त्याआधी पावसाचा मारा बसला की सगळा जोत्यावरून वाहून जातो.

इथे एक सांगायलाच हवं, मी शाळेत विज्ञान शिकवते म्हणून नव्हे. फरशीच्या शेवाळावर ब्लीचिंग पावडर टाकली होती आणि डाग जात नाहीत म्हणून वहिनी त्यावर संडासचं अ‍ॅसिड ओतणार होती. या दोन्हींतून क्लोरीन वायू सुटतो, कोंदट जागेत जीवावर बेतू शकतं. एक वापरा, भरपूर पाण्याने धुवा, दुसऱ्याचा विचारच नको.

जोत्यावर वाळवीचे मातीचे पाट वर चढलेले दिसले. ते खरवडून काढले आणि वाशांच्या टोकांना काजूच्या टरफलांचं तेल लावलं. हे तेल कातडीला लागलं तर फोड येतात. काकींनी ते हातमोज्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधून लावलं आणि मुलांना तिकडे फिरकू दिलं नाही.

पैशांच्या हिशोबात थोडी कुरबुर झाली. जे आले त्यांनी राबायचं आणि जे आले नाहीत त्यांनीही तेवढीच वर्गणी द्यायची, हे न्यायाचं आहे का? आतेभावाचं मत, नाही. काका म्हणाले, घरच्या माणसाची मजुरी धरायची नाही, नाहीतर त्यांची वर्षभराची मजुरी धरावी लागेल. सगळे गप्प. मला विचाराल तर काकांचा मुद्दा बिनतोड आहे.

गणपतीत गेलो तेव्हा कोन्यापाशी एकाच ठिकाणी टिपकत होतं, तिथे काकांनी आतून पत्र्याचा तुकडा सरकवलाय. पूर्वेचं पाखं राहिलंच आहे. त्याला लागणारी कौलं शेजारच्या वाडीत एक जुनं घर पाडून स्लॅब घालणार आहेत, तिथे सांगून ठेवलीत, शिक्का जुळला तर.