रूट 27 वरून मिडलसेक्स: न्यू जर्सीतल्या एका काउंटीची माणसं

न्यू जर्सीत माणूस राहतो कुठे हे टर्नपाइकच्या, म्हणजे राज्यातल्या मोठ्या टोल महामार्गाच्या, एक्झिटवरून सांगायची जुनी रीत आहे. 8ए ते 12 या एक्झिटांच्या मधला मुलूख म्हणजे साधारण मिडलसेक्स काउंटी. 1683 साली स्थापन झालेली ही काउंटी 25 गावांची आहे. 2010 च्या जनगणनेत इथे 8,09,858 माणसं होती, 2020 मध्ये 8,63,162 झाली. हिस्पॅनिक (स्पॅनिश भाषेच्या मुलखांत मूळ असलेले) सोडून उरलेले गोरे 2010 मध्येच निम्म्याच्या किंचित खाली आले होते. 2020 मध्ये आशियाई चौथ्या हिश्शाच्या आसपास आणि हिस्पॅनिक पाचव्या हिश्शाहून जास्त निघाले. सरासरी म्हणून आकडे ठीक आहेत, पण त्या सरासरीसारखं दिसणारं गाव शोधायला निघाल तर फार थोड्या ठिकाणी सापडेल. इथली माणसं पेठांसारखी वेगवेगळी वसली आहेत, आणि जनगणनेच्या कुठल्या रकान्यात कोण झाकलं गेलंय हे डोक्यात ठेवून फिरलं तरच ती नीट दिसतात.

निघण्यापूर्वी दोन गोष्टी पक्क्या करून घ्याव्यात. पहिली अशी, की अमेरिकन जनगणनेत 'हिस्पॅनिक आहात का' हा प्रश्न वेगळा आणि वंशाचा प्रश्न वेगळा असतो. हिस्पॅनिक माणूस कुठल्याही वंशाचा असू शकतो. दोन्ही उत्तरांच्या टक्केवाऱ्या एकाखाली एक मांडून बेरीज केली की ती शंभराच्या वर जाते, आणि पुष्कळ लेखांत नेमकी हीच चूक दिसते. ज्या तक्त्यात हिस्पॅनिक आधी बाजूला काढून बाकीच्यांची वंशवार विभागणी केलेली असते, तो घ्यावा. 2020 च्या जनगणनेत त्याचा क्रमांक पी2 आहे.

दुसरी गोष्ट पत्त्यांची. इथलं टपाली नाव आणि खरं गाव यांचा मेळ बसेलच असं नाही. आयझलिन, फोर्ड्स, कलोनिया ही नावं पत्त्यावर असतात, पण ती वुडब्रिज टाउनशिपमध्ये मोडतात. केंडल पार्क आणि मॉनमथ जंक्शन साउथ ब्रन्सविकमध्ये. प्रिन्स्टनचा पिनकोड लावणारी काही घरं प्रत्यक्षात प्लेन्सबरो किंवा साउथ ब्रन्सविकची, म्हणजे मिडलसेक्सची असतात, आणि खुद्द प्रिन्स्टन मात्र शेजारच्या मर्सर काउंटीत आहे. पिनकोडवरून लोकसंख्या मोजायला गेलात तर शेजारच्या काउंटीची माणसं हिशोबात घुसतात.

न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवरून नॉर्थईस्ट कॉरिडॉरची लोकल पकडावी. तिकीट ॲपवर किंवा स्टेशनातल्या मशीनवर आधीच काढावं, गाडीत काढलं तर जादा पैसे पडू शकतात. पाऊण तासाच्या आसपास मेट्रोपार्क येतं. स्टेशन आयझलिनमध्ये, आणि तिथून पायी जाण्यासारख्या अंतरावर ओक ट्री रोड. आयझलिनमधून निघून एडिसनमध्ये शिरणारा हा रस्ता 'एडिसनचा भारतीय बाजार' म्हणून ओळखला जातो, पण त्यातली पुष्कळशी दुकानं वुडब्रिजच्या हद्दीत आहेत. एडिसन (1,07,588) आणि वुडब्रिज (1,03,639) ही काउंटीतली सगळ्यात मोठी दोन गावं या एकाच रस्त्याने जोडली आहेत.

भारतीय नेमके इथेच का आले, याची कारणं साधी आहेत. 1965 च्या स्थलांतराच्या कायद्याने देशवार कोटा गेला आणि इंजिनिअर, डॉक्टर, शास्त्रज्ञ येऊ लागले. मध्य जर्सीत औषध कंपन्या आणि टेलिफोन कंपन्यांच्या प्रयोगशाळा होत्या, भाड्याला परवडणारी दुमजली अपार्टमेंट होती आणि मॅनहॅटनला थेट गाडी होती. 1990 च्या कायद्यानंतर एच-1बी व्हिसावर सॉफ्टवेअरवाले आले. 2010 च्या जनगणनेत काउंटीत भारतीय एक लाखाच्या वर होते, म्हणजे आठ माणसांत एकाहून जास्त. एडिसनचा महापौरही जानेवारी 2022 पासून भारतीय वंशाचा आहे, सॅम जोशी.

हे मोजमाप मुळात किती अलीकडचं आहे तेही बघा. 1970 च्या जनगणनेत भारतीयांची गणना गोऱ्यांत झाली होती. 'एशियन इंडियन' हा वेगळा चौकोन 1980 मध्ये आला. त्यामुळे 1970 ते 1980 ची तुलना करणारा आलेख कुणी दाखवला तर त्यातली उडी पूर्णपणे माणसांची नाही, काही अंशी ती फॉर्मची आहे.

ओक ट्री रोडवर पाट्या वाचत चाललं की सोनार, साड्या, चाट, मिठाई, व्हिसाची कामं करणारी ऑफिसं लागतात. ठसा गुजराती आणि पंजाबी. मराठी माणूस इथे पाटीवर क्वचित दिसतो, तो दिसतो फडताळावर. मोठ्या भारतीय किराणा दुकानात मसाल्यांच्या रांगेत जावं आणि थालीपीठाची भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, आमसुलं किती जागा अडवून बसलीत ते बघावं. दुकानदार न खपणारा माल ठेवत नाही. आसपास मराठी घरं किती, याचा हा अंदाज जनगणनेच्या तक्त्यापेक्षा मला जास्त भरवशाचा वाटतो.

त्याचं कारण त्या तक्त्यातच आहे. घरी बोलल्या जाणाऱ्या भाषा दर वर्षीच्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेमध्ये विचारतात. सविस्तर तक्त्यात (बी16001) गुजरातीला स्वतःचा रकाना आहे. हिंदी, उर्दू, पंजाबी, बंगाली, तेलुगू, तमिळ यांनाही आहे. मराठीला नाही. 2016 पासून मराठी 'नेपाळी, मराठी किंवा इतर इंडिक भाषा' अशा एकत्र रकान्यात टाकली आहे. म्हणजे फॉर्मवर 'मराठी' असं स्वच्छ लिहिलं तरी छापील तक्त्यात ती नेपाळीबरोबर मिसळूनच येते.

छोट्या तक्त्यात (सी16001) तर आणखी गंमतशीर वाटणी आहे. भाषाकुळाप्रमाणे मराठी आणि गुजराती 'इतर इंडो-युरोपीय' गटात जातात, पोर्तुगीज-इटालियन यांच्या बरोबर. तेलुगू आणि तमिळ 'इतर आशियाई आणि प्रशांत बेटांवरील भाषा' या गटात. एकाच अपार्टमेंटच्या एकाच मजल्यावर समोरासमोर राहणारी पुण्याची आणि हैदराबादची कुटुंबं दोन वेगळ्या खंडांत मोजली जातात. या गटावरून 'आशियाई भाषा बोलणारे इतकेच' असा निष्कर्ष काढला की अर्धा भारत गळतो. गावपातळीवर भाषा शोधायच्याच असतील तर राज्याच्या शिक्षण खात्याचे शाळावार अहवाल उघडावेत, त्यात विद्यार्थ्यांच्या घरच्या भाषांचा तक्ता असतो. आणि 'मराठी विश्व' या न्यू जर्सीच्या मंडळाच्या गणपतीला जमणारी गर्दी ही अर्थातच अख्ख्या राज्याची असते, तिच्यावरून काउंटीचा हिशोब लावू नये.

आकड्यांबद्दल आणखी एक. या सर्व्हेचे एका वर्षाचे आकडे फक्त 65,000 च्या वरच्या गावांसाठी निघतात. 2020 च्या मोजणीप्रमाणे या काउंटीतली तीनच गावं त्यात बसतात: एडिसन, वुडब्रिज आणि 66,876 वस्तीचं ओल्ड ब्रिज. बाकी 22 गावांसाठी पाच वर्षांचे एकत्र आकडे घ्यावे लागतात, आणि आकडा किती मागेपुढे असू शकतो ती शेजारी छापलेली मर्यादा (मार्जिन ऑफ एरर) वाचायलाच हवी. हायलंड पार्कसारख्या 15,072 वस्तीच्या गावात एखादा छोटा भाषागट 'दुप्पट झाला' असं दिसलं, तर बहुतेक वेळा तो नमुन्याचा खेळ असतो.

मेट्रोपार्कहून गाडीने न्यू ब्रन्सविकला यावं. स्टेशनासमोरचा ऑल्बनी स्ट्रीट म्हणजे रूट 27, आणि हाच रस्ता इथे दोन बाजूंना दोन वेगळी गावं दाखवतो. पूर्वेला रॅरिटन नदीवरचा पूल पायी ओलांडला की हायलंड पार्क. या गावात आणि लगतच्या एडिसनच्या भागात ऑर्थोडॉक्स ज्यू वस्ती मोठी आहे. अमेरिकन जनगणना धर्म विचारत नाही, त्यामुळे ही वस्ती कुठल्याच सरकारी रकान्यात नाही. ती ओळखायची खूण रस्त्यावर आहे: एरुव. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, घराबाहेर काही उचलून न्यायला धार्मिक मनाई असते, अगदी बाळाची गाडीसुद्धा ढकलायची नाही. वस्तीभोवती तारांची अखंड चौकट केली की तो सगळा भाग एक घर मानला जातो. विजेच्या खांबांना जमिनीपासून तारेपर्यंत उभी बसवलेली बारीक पट्टी दिसली तर ती एरुवचा भाग असू शकते. एका ठिकाणी तार तुटली तरी एरुव त्या आठवड्यापुरता बाद होतो, म्हणून शब्बाथपूर्वी सगळी रेषा तपासतात. शनिवारी चालत सिनेगॉगला जायचं असल्यामुळे घरं एकमेकांच्या जवळ घ्यावी लागतात. वस्ती एकवटलेली का राहते याचं यापेक्षा सरळ उत्तर नाही.

पश्चिमेला ऑल्बनी स्ट्रीटचाच फ्रेंच स्ट्रीट होतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा हंगेरियन भाग होता. जॉन्सन अँड जॉन्सनच्या कारखान्यात इतके हंगेरियन कामाला होते की कंपनीलाच 'हंगेरियन विद्यापीठ' म्हणत. आता इथे मेक्सिकन दुकानं आहेत, आणि त्यातही ओअहाकाची. ट्लायुदा मागवून बघा: पापडासारखी कडक, ताटाएवढी मक्याची भाकरी, तिच्यावर काळ्या घेवड्याचा लेप आणि तंतू सुटणारं पांढरं चीज. ही मेक्सिकोतल्या त्या एका राज्याची खासियत. पाटीवर हे नाव दिसलं की आसपासची घरं कुठून आली हे कळतं.

न्यू ब्रन्सविकचे आकडे (एकूण 55,266) जपून वाचावे लागतात. रटगर्स विद्यापीठाचे विद्यार्थी 1 एप्रिलला (जनगणनेच्या दिवशी) जिथे राहतात तिथे मोजले जातात, आईवडिलांच्या घरी नाही. त्यामुळे वयाची मध्यरेषा (निम्मी माणसं ज्याहून लहान आणि निम्मी मोठी असं वय) विशीत अडकते. वसतिगृहातल्या मुलांना गरिबीच्या हिशोबात धरत नाहीत, पण बाहेर चौघांत घर भाड्याने घेऊन राहणारा विद्यार्थी धरला जातो, आणि त्याची स्वतःची कमाई जवळजवळ शून्य असते. गावाचा गरिबीचा दर त्यामुळे फुगतो, आणि फ्रेंच स्ट्रीटमागच्या कुटुंबांची खरी ओढाताण त्या फुगवट्याखाली झाकली जाते. ही कुटुंबं मोजणीतही कमी पडतात. 2020 च्या जनगणनेनंतरच्या पडताळणीत देशभर हिस्पॅनिक 4.99 टक्के कमी मोजले गेल्याचं निघालं, आशियाई 2.62 टक्के जास्त. त्या मोजणीत नागरिकत्व विचारायचा प्रयत्न झाला होता, सर्वोच्च न्यायालयात 2019 मध्ये तो अडला, तरी भीती राहिलीच. माहिती 72 वर्षं गुप्त राहते हा कायदा दारावर आलेल्या अनोळखी माणसाकडून पटणं अवघड असतं.

याच भागातली बरीच माणसं पहाटे कंत्राटदारांच्या व्हॅनमधून एक्झिट 8ए च्या गोदामांत कामाला जातात. अशा तात्पुरत्या कामगारांसाठी राज्याने फेब्रुवारी 2023 मध्ये वेगळा हक्कांचा कायदा केला. 8ए ला रेल्वे नाही, मोटार हवी. आणि गोदामांपासून थोड्याच मिनिटांवर मनरो (48,594) लागतं, जिथल्या वयाची मध्यरेषा पन्नाशीच्या पुढे आहे. रॉसमूर, क्लिअरब्रुक, कॉन्कॉर्डिया अशा वसाहती 55 च्या वरच्यांसाठी आहेत. कायद्याप्रमाणे किमान 80 टक्के घरांत एक तरी माणूस 55 चा हवा. फाटकावर कुणाकडे जायचं ते सांगावं लागतं, सहज चक्कर मारता येत नाही. ब्रुकलिन-क्वीन्समधून आलेले ज्यू आणि इटालियन आजीआजोबा इथे आधीपासून होते, आता मुलांच्या जवळ राहायला आलेले भारतीय आईवडीलही आहेत. गावात नव्या घरांतून शाळकरी मुलांची कुटुंबंही वाढली आहेत, त्यामुळे मध्यरेषेच्या वयाची माणसं रस्त्यावर शोधू नका.

पर्थ अँबॉयला जायला न्यू ब्रन्सविकहून न्यूयॉर्ककडची गाडी घेऊन राहवेला उतरायचं आणि नॉर्थ जर्सी कोस्टची गाडी पकडायची. सरळ रेषेत जवळ, पण गाडीने उलटा वळसा पडतो. 55,436 माणसं जेमतेम पाच चौरस मैलांत, आणि त्यातली तीन-चतुर्थांशाहून जास्त हिस्पॅनिक. मताच्या हक्कात वंशभेदाला मनाई करणाऱ्या, घटनेच्या पंधराव्या दुरुस्तीनंतर मत देणारा पहिला कृष्णवर्णीय, थॉमस मंडी पीटरसन, याच गावचा. मतदान 31 मार्च 1870 ला झालं, आणि सेंट पीटर्स चर्चच्या आवारात त्याची कबर आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर तांब्याच्या आणि केबलच्या कारखान्यांत कामाला प्वेर्तो रिकोहून, म्हणजे अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटावरून, माणसं आली. ती 1917 पासून जन्मानेच अमेरिकन नागरिक, म्हणून जनगणनेत 'इथेच जन्मलेले' या रकान्यात जातात, मग घरात इंग्रजी असो वा नसो. नंतर आलेले डोमिनिकन 'परदेशी जन्मलेले' या रकान्यात. स्मिथ स्ट्रीटवर दोघांचीही खानावळ सापडते. दोन्हीकडे कच्चं केळंच. प्वेर्तो रिकन मोफोंगोसाठी ते तळून लसूण आणि डुकराच्या कुरकुरीत कातडीबरोबर खलबत्त्यात कुटतात. डोमिनिकन मांगूसाठी उकडून मऊसर घोटतात आणि वर व्हिनेगरमध्ये परतलेला लाल कांदा घालतात. मांगू सकाळीच खावा, गरम असतानाच तो सैल राहतो.