एका खांबावरचा पूल

पहिल्या दिवशी पूल दिसलाच नाही. मलेशियातल्या लंकावी बेटाच्या पश्चिम टोकाला, तेलुक बुराउला रोपवेच्या तिकीटखिडकीशी पोहोचलो तेव्हा वर वारा सुटला होता आणि फेऱ्या थांबवल्या होत्या. माझा चेहरा पडला. बाबा मात्र म्हणाले, "थांबवल्या ते उत्तम केलं. असल्या वाऱ्यात दोरावर माणसं सोडायची नसतात. उद्या येऊ."

बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. नोकरीची बहुतेक वर्षं कोकणात गेली. ओढ्यांवरच्या मोऱ्या, फरशी पूल, खाडीवरचे दोन-तीन पूल. आम्ही लहान असताना गावाला निघालो की प्रत्येक पुलापाशी गाडी थांबायची. बाबा खाली उतरून, वाकून खांब बघून आले की मगच पुढे. पंच्याहत्तरीला कुठे जायचं असं विचारलं, तर त्यांनी एका जुन्या मासिकातलं कात्रण पुढे केलं. डोंगरमाथ्यावर, हवेत वळलेला एक पूल, लंकावीचा स्काय ब्रिज.

लंकावी मलेशियाच्या केदाह राज्यात, थायलंडच्या हद्दीला अगदी लागून आहे. बेटं म्हणायची तर ९९; ओहोटीला आणखी काही डोकं वर काढतात. नावात 'हेलांग' म्हणजे गरुड आणि 'कावी' म्हणजे तांबूस, असं तिथले लोक सांगतात. कुआह गावाच्या धक्क्याजवळ त्या गरुडाचा मोठा पुतळा आहे. खरा पक्षी आम्हाला समुद्रकिनारीच भेटला आणि बाबांनी तो लगेच ओळखला. पांढरं डोकं, विटकरी पंख. आपल्या कोकणातल्या खाड्यांवर घिरट्या घालणारी ब्राह्मणी घारच ती! इतक्या लांब येऊन ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. जाताना टॅक्सीवाल्या काकांनी डोंगराची गोष्ट सांगितली. मात चिंचांग आणि मात राया हे दोन राक्षस. एकाचा मुलगा, दुसऱ्याची मुलगी, आणि लग्नाच्या मांडवातच भांडण जुंपलं. भांडीकुंडी फेकली गेली. रस्सा सांडला ते गाव कुआह, कारण कुआह म्हणजे रस्साच. हंडी फुटली तिथे बलांगा पचाह, गरम पाणी सांडलं तिथे आयर हांगात. शेवटी दोघांचे डोंगर झाले आणि भांडण सोडवणारा मात सावार त्यांच्या मध्ये टेकडी होऊन बसला. आम्हाला जायचं होतं मात चिंचांगच्या डोक्यावर.

रोपवे एकूण २.२ किलोमीटरचा आहे. सुरुवातीला तो झाडांच्या शेंड्यांवरून सावकाश जातो आणि मग एकाएकी उभाच चढायला लागतो. सर्वांत खडी जागा ४२ अंशांची. दोन मनोऱ्यांमधला एक टप्पा तर ९५० मीटरचा, मध्ये कुठेही आधार नाही. खाली दरी, समोर नागडा कातळ. मी सह्याद्रीत वीसेक वर्षं भटकते आहे, त्यामुळे कडा बघितला की हात आपोआप खाचा शोधतात. पण हा दगड वेगळाच. आपला काळा कातळ लाव्ह्याचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. हा वालुकाश्म आहे, सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीचा, मलेशियातल्या सर्वांत जुन्या खडकांपैकी. पाळण्याच्या काचेतून त्याचे थर स्पष्ट दिसत होते, एकावर एक, तिरके कलंडलेले. कुठल्याशा समुद्राच्या काठावर साचलेली वाळू आता ढगांत उभी आहे. या खडकांमुळेच २००७ साली युनेस्कोने लंकावीला जिओपार्कचा, म्हणजे भूवैज्ञानिक वारसा जपणाऱ्या प्रदेशाचा, दर्जा दिला, आग्नेय आशियातला पहिला.

वरचं स्टेशन ७०८ मीटरवर आणि पूल त्याच्या खाली, साधारण ६६० मीटरवर. त्याचं तिकीट वेगळं. उतरायला जंगलातून पायऱ्या आहेत, नाहीतर तिरकी लिफ्ट. बाबांच्या गुडघ्यांसाठी लिफ्ट घेतली.

पुलाच्या तोंडाशी बाबा थांबले. लोक बाजूने जात होते, फोटो काढत होते. बाबांचं लक्ष मात्र खांबाकडे. एकच खांब, ८१.५ मीटर उंच, आणि तोही तिरका. त्याचा पाया पुलाच्या कितीतरी खाली, उतारावर रोवलेला. खांबाच्या माथ्यावरून आठ केबल सुटतात आणि १२५ मीटर लांबीचा पूल त्यांच्यावर लटकतो. दोन्ही टोकांना तेवढा डोंगराचा आधार. मधे खाली बघितलं तर शंभरेक मीटर पोकळी आणि तळाशी जंगल.

"अगं, आम्ही खाडीत चार खांब घालताना रडायचो," बाबा म्हणाले. "भरती-ओहोटी सांभाळायची, गाळ उपसायचा. इथे यांनी डोंगराला एकाच जागी हात लावलाय."

सामान हेलिकॉप्टरने वर आणून पूल जोडला गेला, २००४ मध्ये काम पुरं झालं. पुढे २०१२ ला दुरुस्तीसाठी बंद झाला तो २०१५ मध्येच पुन्हा उघडला. इतका काळ पर्यटकांना परत पाठवणं सोपं नसणार. बाबांना ते फार आवडलं. "बंद ठेवायची हिंमत लागते," ते दोनदा म्हणाले.

मग आम्ही चालायला लागलो. रुंदी १.८ मीटर, समोरून कुणी आलं की दोघांनीही थोडं अंग चोरायचं. मधोमध आलो तेव्हा पायाखाली किंचित झुलल्याचं जाणवलं. मी कठडा घट्ट धरला.

"बाबा, हलतोय हा."

"हलू दे. त्याचा हिशोब करूनच बांधलाय."

त्यांनी माझा हात कठड्यावरून उचलून जवळच्या केबलवर ठेवला. थंडगार पोलाद, आणि आतून येणारी एक बारीक, अखंड थरथर. वीणेच्या तारेला बोट लावावं तशी. पुलावरचं प्रत्येक पाऊल त्या तारेतून माथ्यावर जात होतं आणि तिथून खांबातून खाली कातळात. डोळे मिटून आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. बाबांच्या नोकरीबद्दल मी आयुष्यभर ऐकत आले होते, पण ते काय करत होते हे मला हाताला कळलं ते तिथे.

पूल वळतो हीच त्याची खरी गंमत आहे. सरळ पुलावर समोरचं टोक दिसतं, बस. इथे चालता चालता पूलच बाजूने दिसत राहतो, त्यावरची माणसं मुंगीएवढी, आणि त्यांच्यामागे अंदमानचा निळा समुद्र. उत्तरेला थायलंडचं तारुताओ बेट दिसलं. टोकांपाशी पूल रुंद होऊन त्रिकोणी सज्जे झाले आहेत, तिथे टेकून निवांत बघता येतं. काचेच्या लाद्या बसवलेल्या जागीही लोक थांबत होते. मी तिथे फार रेंगाळले नाही. दरी बघायला बाजूची जाळीच मला पुरेशी वाटली.

अर्ध्या तासात ढग आले. आधी समुद्र गेला, मग समोरचा कडा. पुलाचं पलीकडचं टोक दिसेनासं झालं आणि तिथून येणारी माणसं एकदम धुक्यातून उमटायला लागली. आवाज मात्र सगळे ऐकू येत होते, हसणं, पावलं, कुणाचंतरी लहान मूल. चेहऱ्यावर बारीक दव जमलं. बाबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, परत पायऱ्यांनी चढू. मी नको म्हणाले नाही. तीन ठिकाणी बसलो, पाणी प्यायलो, पण चढले ते.

(जाणार असाल तर सकाळची पहिली फेरी गाठा आणि हाताशी एक दिवस जास्तीचा ठेवा. दुपारनंतर ढगांचा भरवसा नाही.)

उतरताना पाळण्यात बाबा मुद्दाम डोंगराकडे तोंड करून बसले. माझी त्याकडे पाठ होती.

"दिसतोय का अजून?" मी विचारलं.

"पूल गेला ढगात. खांबाचं टोक तेवढं दिसतंय."

थोड्या वेळाने मी पुन्हा विचारलं. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं आणि बघत राहिले.