जांभळ्या टोपणाची नळी

घरातल्या आजोबांच्या थुंकीत टीबीचे जंतू सापडले म्हणून वर्षभराच्या एका नातवाचं रक्त इग्रा तपासणीसाठी आमच्या प्रयोगशाळेत आलं. टीबीचा संसर्ग झालाय का, हे रक्तातल्या टी-पेशी (शरीराच्या संरक्षक पेशी) कशी दाद देतात त्यावरून ही तपासणी सांगते. मुलाला खोकला नाही, ताप नाही. वजन मात्र वाढत नव्हतं. चार नळ्या, प्रत्येकीत १ मिली. तेवढ्याशा शिरेतून इतकं रक्त काढणाऱ्या सिस्टरचं मला नेहमीच कौतुक वाटतं.

नळ्या रात्रभर ३७ अंशांवर ठेवल्या, दुसऱ्या दिवशी एलायझा ही मोजणीची चाचणी लावली. टीबीच्या प्रतिजनांच्या, म्हणजे जंतूंची प्रथिनं घातलेल्या, दोन्ही नळ्यांत इंटरफेरॉन गॅमा (दाद देताना टी-पेशी सोडतात ते रसायन) जवळपास शून्य. इथवर पाहिलं की 'निगेटिव्ह' लिहायला हात शिवशिवतो. पण जांभळ्या टोपणाची नळी उरलेली असते. तिच्यातलं मायटोजेन कुठल्याही धडधाकट टी-पेशींना डिवचतं, टीबी असो वा नसो. काहीच न घातलेल्या कोऱ्या नळीचा आकडा वजा करून तिथे किमान ०.५ यायला हवं. आलं ०.२.

आधी आमचंच काही चुकलं का ते पाहिलं. नमुना वेळेत पोचला होता, त्याच प्लेटवरचे बाकीचे नमुने व्यवस्थित होते. म्हणजे रिपोर्ट 'अनिर्णित'.

थोड्याच वेळात निवासी डॉक्टरचा फोन. "मॅडम, टीबीच्या नळ्यांत काहीच आलं नाही. निगेटिव्ह धरू ना?"

"अरे, त्याच्या पेशी कशालाच दाद देत नाहीयेत. टीबीला दिली नाही यात नवल काय?"

तान्ह्या आणि कुपोषित मुलांत हे होतं. अशाच प्रतिसादात सुटणारं आयपी-१० नावाचं रसायन इंटरफेरॉनपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात सापडतं, म्हणून लहानग्यांसाठी त्याच्याकडे आशेनं पाहिलं जातं. पण नुसता संसर्ग की प्रत्यक्ष आजार, हे तेही नीट सांगत नाही. इथे तर नेमकं तेच हवं होतं. पाच वर्षांखालच्या अशा मुलाला इग्रा न करताही प्रतिबंधक औषध देता येतं. आजार मात्र आधी वगळावा लागतो, नाहीतर उपचार अपुरा पडतो.

त्यानं बाजूनं एक्स-रे काढला. फुप्फुसाच्या मुळाशी गाठी दिसल्या. सकाळी उपाशीपोटी नळीनं काढलेल्या जठररसात जनुकीय चाचणीला टीबी सापडला, अगदी कमी प्रमाणात. पूर्ण उपचार सुरू झाले.

काही आठवड्यांनी त्यानं विचारलं, "आता पुन्हा इग्रा पाठवू का?" नको म्हटलं. उत्तर काहीही आलं तरी औषधं बदलणार नव्हती, आणि बरं झाल्यावरही इग्रा पॉझिटिव्ह राहू शकते.