खुर्चीत बसून गायलेली ‘कार्मेन’

2018 च्या वसंतात मिलानमधल्या आमच्या घरी सकाळ-संध्याकाळ एकच चाल ऐकू येत होती. आठ वर्षांची माझी मुलगी दात घासताना फ्रेंच संगीतकार बिझेच्या ‘कार्मेन’ या ऑपेरातले तोरेआदोरचे, म्हणजे बैलांशी झुंजणाऱ्याचे, पद गुणगुणत असे आणि आवडती जागा आली की ब्रश हवेत उंचावत असे. आरशावर उडालेले टूथपेस्टचे शिंतोडे मी रोज पुसत होतो.

हे पद शाळेतून आले होते. तरुण गायकांना संधी मिळावी म्हणून 1949 मध्ये स्थापन झालेली कोमोची आस्लिको ही संस्था ‘ऑपेरा दोमानी’ म्हणजे ‘उद्याचा ऑपेरा’ हा उपक्रम चालवते. त्यात आधी शिक्षकांना प्रशिक्षण दिले जाते, मग ते निवडक पदे वर्गात बसवून घेतात आणि शेवटी मुले नाट्यगृहात आपापल्या खुर्चीतून व्यावसायिक गायकांना साथ करतात.

आम्ही आर्चिंबोल्दी नाट्यगृहात गेलो. ला स्काला या मिलानच्या प्रसिद्ध ऑपेरागृहाचे नूतनीकरण चालू असताना, 2002 ते 2004 या काळात, तिथले ऑपेरा याच रंगमंचावर होत असत. मूळ ‘कार्मेन’ घडते ते स्पेनमधले सेव्हिल शहर इथे सर्कसच्या तंबूत आले होते आणि चार अंकांचा सव्वा तास झाला होता. ही काटछाट मला खटकली, आजही खटकते. पण ऐन वेळी संगीतसंचालकाने वाद्यवृंदाकडे पाठ फिरवून प्रेक्षागृहाकडे हात उंचावला, तेव्हा शेजारी बसलेल्या लेकीने घेतलेला खोल श्वास मला स्पष्ट ऐकू आला आणि पाठोपाठ सगळे प्रेक्षागृह गाऊ लागले. सूर सगळ्यांचा लागला नव्हता, ताल मात्र कोणीही सोडला नाही.

आपल्याकडे संगीत नाटकाला जाणाऱ्या रसिकांना पदे आधीच पाठ असत, म्हणून तर ‘वन्समोअर’ हक्काने मागितला जाई. ओळखीची चाल रंगमंचावर भेटण्याचा तो आनंद या मुलांना शाळेनेच मिळवून दिला होता.

एका संस्थेला हा खर्च पेलणे अवघड असते. त्यामुळे पॅरिसचे तेआत्र दे शांझेलिझे, रुआँचे ऑपेरागृह, ऑस्ट्रियातील ब्रेगेंझचा महोत्सव अशांबरोबर आस्लिकोने सहनिर्मिती केल्या आहेत. नेपथ्य आणि वेशभूषा एकदाच तयार होतात, शब्द मात्र त्या त्या गावच्या मुलांच्या भाषेत येतात. स्पेनमध्ये घडणारी ही फ्रेंच कार्मेन माझ्या मुलीने इटालियनमध्ये गायली, आणि पॅरिसच्या मुलांपर्यंत सर्कशीची हीच कल्पना पुन्हा फ्रेंच होऊन पोहोचली.

पुढे युरोपातल्या ऑपेरागृहांचे प्रयोग विनामूल्य दाखवणाऱ्या ऑपेराव्हिजनवर आम्ही घरी एक संपूर्ण ऑपेरा लावला. पहिला अंक तिने मुकाट्याने पाहिला. मग माझ्या बाहीला हिसका देऊन तिने विचारले, “बाबा, आपली पाळी कधी येणार?”