सेलमच्या रानात साबुदाण्याचं पीक

आमचं मूळ गाव विट्याजवळचं. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी खानापूर-आटपाडीची माणसं देशभर पांगली, तसे माझे सासरे तामिळनाडूत सेलमला आले. दुकान पुढं नवऱ्यानं सांभाळलं आणि आत्तूरच्या बाजूला घेतलेलं दोन एकर रान मी कसायला घेतलं. या पट्ट्यात कसावा घरोघरी. इथले लोक त्याला मरवळ्ळी म्हणतात. आपण उपासाला भिजत घालतो तो साबुदाणा याच कंदाचा. दुसऱ्या महायुद्धात मलायाकडचा माल बंद झाला, तेव्हा सेलममध्ये हा धंदा उभा राहिला. 2023 मध्ये इथल्या साबुदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

लागण पोंगलनंतर. बियाणं नसतं, खोडाच्या कांड्या लावायच्या. शेंडा कोवळा आणि बुडखा जून, म्हणून मधलं खोड घ्यायचं. वीतभर लांबीची, आठ-दहा डोळ्यांची कांडी. वरंब्यावर तीन-तीन फुटांवर, डोळे वर करून उभी खोचायची. फुटवे आले की समोरासमोरचे दोन जोमदार ठेवून बाकीचे खुडायचे. पहिले तीन महिने भांगलण चुकवून चालत नाही. पुढं पानांची सावली धरली की तण आपोआप दबतं.

बेणं निवडताना मी कुणाची भीड ठेवत नाही. पान वेडंवाकडं, पिवळे चट्टे पडलेलं दिसलं, की त्या झाडाची एकही कांडी घ्यायची नाही. हा मोझॅक रोग पांढऱ्या माशीनं पसरतो, पण त्याहून जास्त आपणच रोगट बेण्यातून तो पुढच्या वर्षात नेतो. म्हणून पीक उभं असतानाच निरोगी झाडांना मी चिंध्या बांधून ठेवते. शेजारच्या रानातले अण्णा आधी म्हणायचे, "एवढं कशाला, अम्मा? खोड ते खोड." आता काढणीच्या आधी तेच माझ्याकडं बेणं सांगून ठेवतात.

मध्यंतरी पिठ्या ढेकणानं या भागाचं कंबरडं मोडलं होतं. शेंडे गोळा होऊन झाडं खुजी राहायची, आणि फवारून फवारून लोक थकले. ही परदेशी कीड 2020 मध्ये केरळात सापडली आणि तिथून इकडं आली. मग तिच्यावर जगणारी एक बारीक गांधीलमाशी आफ्रिकेतल्या बेनिनमधून आणली आणि 2022 मध्ये आमच्या जवळच्याच येथापूरच्या संशोधन केंद्रात सोडली. तेव्हापासून कीड दिसली की मी लगेच औषधाचा पंप उचलत नाही, कारण फवाऱ्यानं ही माशीही मरते.

खरी कसोटी काढणीची. नऊ-दहा महिन्यांनी कंद तयार होतो, पण उपटल्यावर तो थांबत नाही. दोन-तीन दिवसांत आत निळ्या-काळ्या रेघा पडतात आणि माल हातचा जातो. म्हणून आधी कारखान्याची तारीख, मग टेम्पो, मग मजूर, आणि सगळ्यात शेवटी खोडाला हात. शिवाय इथं नुसत्या वजनावर पैसे नाहीत, पॉइंटवर, म्हणजे कंदातल्या स्टार्चच्या मापावर आहेत. नमुन्याचे कंद आधी हवेत तोलतात, मग पाण्यात बुडवून. पाण्यात जितके जड भरतील तितका स्टार्च जास्त. पावसानंतर नवी पालवी फुटली की कंदातला स्टार्च तिकडं खर्ची पडतो आणि पॉइंट घसरतो. परतीच्या पावसात घाई करून माल काढायचा मोह होतो, कारण पुढं सगळ्यांचा माल एकदम येऊन भाव पडायची भीती असते. तरी मी उघडीप मिळेपर्यंत थांबते. मागच्या खेपेला 28 पॉइंट लागला, तो त्या थांबण्यामुळंच.

कारखान्यात मी मुद्दाम पूर्ण काम बघून आले. कंद धुऊन सोलतात, किसतात, आणि भरपूर पाण्यात गाळतात. दुधासारखं ते पाणी हौदात निवळलं की तळाशी स्टार्चचा घट्ट थर बसतो. तो ओलसर असतानाच फोडून, कापडाच्या झोळीत हलवत राहिलं की दाणे वळले जातात. चाळून, गरम तव्यावर परतून ते उन्हात वाळवतात. नायलॉन साबुदाणा मात्र वाफवतात. चार-पाच किलो कंदांमागं एक किलो दाणा. उरलेला चोथा गुरांना जातो.

विट्याच्या आमच्या माणसांना मी एक गोष्ट कळवळून सांगते: दाणा निवडताना झगझगीत पांढऱ्याचा हट्ट धरू नका. चांगला दाणाही किंचित मळकटच असतो. तो हट्ट पुरवायला काही जण रसायनं वापरतात, आणि नीट पिकवणाऱ्याचा मालही त्यात बदनाम होतो.

कारखान्याच्या जातीचा कंद कडवट असतो. त्यात आणि पाल्यात सायनाइड तयार होतं, म्हणून शेळ्यांना मी रानाच्या आसपास फिरकू देत नाही. घरी खायला कमी कडवट जात बांधाकडेला वेगळी आहे. तीही सोलून, उघड्या भांड्यात उकडून, पाणी फेकूनच खायची. वर कांदा-मिरचीची फोडणी दिली की मुलं ताट चाटूनपुसून खातात.

यंदा मोझॅकला दाद न देणारी श्री रक्षा ही जात निम्म्या रानात लावते आहे. ती तिरुवनंतपुरमच्या कंदपीक संशोधन संस्थेची. उरलेल्यात नेहमीची मुळ्ळुवाडी. दोन्हींचा पॉइंट एकाच कारखान्यात, एकाच आठवड्यात मोजून घेणार आहे.