काकू, कच्चं अंडं चालतं ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसं हे रोजच कुणाला तरी सांगावं लागतं. सकाळी सात ते नऊ माझ्या दुकानावर दोन जातीची गिऱ्हाइकं असतात. एक बेकरीवाले आणि बुर्जीच्या गाडीवाले. हे हिशेबापलीकडे चकार शब्द काढत नाहीत. दुसरी जिममधून थेट आलेली पोरं. यांना सगळंच बोलायचं असतं. घाम वाळायच्या आत तीस अंड्यांचा ट्रे उचलायचा आणि विचारायचं, “काकू, कच्चं प्यायलं तर चालतं ना?” (चार वर्षांपूर्वीपर्यंत ताई म्हणायचे. असो.)

पूर्वी हा प्रश्न फक्त दंड फुगवणाऱ्यांचा होता. आता पोळी-भात सोडलेले कीटो डाएटवाले विचारतात, केस गळतात म्हणून पाच-सहा कॉलेजच्या मुली विचारतात, आणि परवा एक पंचावन्न-साठचे गृहस्थ म्हणाले, की शिजवल्यावर अंड्यातलं “जिवंत सत्त्व” मरतं असं त्यांना डाएटच्या ग्रुपवर कळलंय.

नाशिकच्या रविवार कारंजाजवळचं हे होलसेलचं दुकान आमच्या अण्णांनी टाकलेलं. मी मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. केलं, एका लॅबमध्ये दोन वर्षं नोकरी केली, आणि अण्णांचे गुडघे गेले तशी गल्ल्यावर येऊन बसले. त्यामुळे अंडं मी खालून-वरून दोन्हीकडून बघितलंय. आणि अंडी विकून घर चालवणारी बाई म्हणून सांगते: माझ्याकडचं अंडं कच्चं खाऊ नका. दुसऱ्याकडचंही नको, पण निदान माझ्याकडचं तरी नको.

का, ते सांगायचं तर आधी ते अंडं इथवर कसं येतं ते बघा. महाराष्ट्राला लागतात तेवढी अंडी महाराष्ट्रात होत नाहीत. 2023 च्या जानेवारीत पशुसंवर्धन खात्यानेच सांगितलं होतं, की रोज कोटीभर अंडी कमी पडतात. ती येतात तेलंगणातून, कर्नाटकातून, तमिळनाडूतून. ट्रकमध्ये, ताडपत्रीखाली. सात ट्रेची एक पेटी, म्हणजे 210 अंडी, अशा पेट्यांवर पेट्या. वाटेत कुठे एसी नाही, माझ्या गोडाऊनला नाही, तुमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे नाही. पहिल्यांदा थंड हवा त्या अंड्याला लागते ती तुमच्या फ्रिजच्या दारात. कोंबडीने ते कधी घातलं याची तारीख सुट्या अंड्यावर कुठेच नसते. मलाही नक्की सांगता येत नाही. ट्रक कधी लागला ते मात्र सांगू शकते.

माल उतरला की मी मोबाइलचा टॉर्च लावून थोडी अंडी फिरवून बघते. अंधारात अंडं दिव्यावर धरलं, की आत नारिंगी कंदील पेटल्यासारखं दिसतं. रुंद टोकाला हवेची पोकळी दिसते. ती जेवढी मोठी, तेवढं अंडं जुनं. केसाएवढी चीर असली तर पांढरी रेघ उठते. असा क्रॅक माल वेगळा काढायचा, तो त्याच दिवशी भट्टीत जाणाऱ्याला द्यायचा. एवढं सगळं दिसतं, पण पोट बिघडवणारा साल्मोनेला नावाचा जंतू दिसत नाही. वास येत नाही, चव बदलत नाही, पिवळं फुटत नाही. अंडं पाण्यात टाकून बुडतं का तरंगतं बघणाऱ्यांनाही हेच सांगते: त्याने वय कळतं. तळाला आडवं पडलेलं ताजं फटफटीत अंडंही दूषित असू शकतं.

हा जंतू अंड्यात दोन वाटांनी जातो. एक बाहेरून. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात आणि कोंबडीची शीट लागलेली असली, की ओल मिळताच जंतू आत सरकतात. म्हणून घरी आणल्या आणल्या अंडी नळाखाली धुऊन ठेवू नका. कवचावर एक नैसर्गिक पातळ थर असतो, तो निघून जातो. धुवायचंच असेल तर शिजवायच्या आधी धुवा. दुसरी वाट जास्त वाईट. साल्मोनेलाची एन्टरिटिडिस नावाची जात कोंबडीच्या बीजकोशातच जाऊन बसते. कवच चढायच्या आधीच जंतू आत. वरून अंडं आरशासारखं लखलखीत, कोंबडीही टणटणीत.

इथे लोकांचा हमखास घोटाळा होतो. “म्हणजे टायफॉइड?” नाही हो. टायफॉइडचा साल्मोनेला माणसाकडून माणसाकडे येतो, कोंबडीला तो होत नाही. ताप आला की आपल्याकडे लगेच टायफॉइडची विडाल टेस्ट करतात, तिचा या अंड्याच्या भानगडीशी संबंध नाही. अंड्यातून जो येतो तो पोट धरायला लावतो: कळा, जुलाब, ताप. साधारण सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही सुरू होतो, म्हणून कुणाला त्या अंड्याची आठवणही राहत नाही. धडधाकट माणूस चार-सात दिवसांत उठून बसतो. म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बाई, केमो चाललेला किंवा किडनी बदललेला पेशंट यांचं तसं नाही.

“पण तालमीतले पैलवान?” हा पुढचा प्रश्न ठरलेला. आमचे अण्णा स्वतः पंचवटीतल्या तालमीत जायचे. पहाटे जोर-बैठका आणि मग पितळी पेल्यात दोन अंडी फोडून वर धारोष्ण दूध. ऐंशी वर्षं जगले. पण अण्णांचं अंडं वाड्यामागच्या खुराड्यातलं होतं, आदल्या दिवशीचं, कोंबडी ओळखीची. शिवाय अंड्याच्या आतून येणारा हा एन्टरिटिडिस जगभर डोकेदुखी झाला तो 1980 नंतर. अण्णांचा लंगोट तोवर खुंटीला लागला होता. आणि खरं सांगू, तेव्हाही पोटं बिघडायचीच. फक्त दोष दुधाला जायचा, नाहीतर नजरेला.

आता “जपानमध्ये तर भातावर कच्चं अंडं घालून खातात” हे. खातात, खरंय. तिथे अंड्यावर छापलेली तारीख ही कच्चं खाण्याची शेवटची तारीख असते. ती उलटली की शिजवून खायचं. म्हणजे शेतापासून दुकानापर्यंत सगळी साखळीच “हे कुणीतरी कच्चं खाणार आहे” असं धरून बांधलेली. इंग्लंडची गोष्ट तर अंड्याच्या धंद्यातल्या माणसाला झोपेतसुद्धा सांगता यावी. 1988 च्या डिसेंबरात एडविना करी नावाच्या कनिष्ठ आरोग्यमंत्री बोलून गेल्या, की देशातल्या बहुतेक अंडी-उत्पादनात साल्मोनेला शिरलाय. अंड्यांचा खप धाडकन पडला, पोल्ट्रीवाले खवळले, आणि दोन आठवड्यांत बाईंना राजीनामा द्यावा लागला. पण धंद्याने धडा घेतला. 1998 पासून सिंहाचा शिक्का असलेल्या अंड्यांसाठी कोंबड्यांना साल्मोनेलाची लस सुरू झाली, आणि 2017 मध्ये तिथल्या अन्न खात्याने सांगितलं, की हा शिक्का असेल तर गरोदर बायकांनीही अर्धंकच्चं अंडं खायला हरकत नाही. लशीपासून त्या वाक्यापर्यंत यायला एकोणीस वर्षं लागली. माझ्या ट्रेवर कसला शिक्का आहे? पुठ्ठ्यावर पडलेला, मागच्या ट्रिपला फुटलेल्या अंड्याचा डाग.

हिशेबी पोरं मग आकडा विचारतात. अमेरिकेतला जुना अंदाज वीस हजार अंड्यांत एक दूषित, असा आहे. रोज पाच कच्ची प्यायलात तर वीस हजार अंडी संपायला अकरा वर्षं लागतात. “मग काय, काकू, चान्स घेऊ!” एक तर तो आकडा तिथला, जिथे अंडं धुऊन फ्रिजमध्येच ठेवून विकायचा नियम आहे. आणि दुसरं म्हणजे अंडं फुटल्यावर काय होतं हे त्या आकड्यात नाही. ते आमच्याच घरात झालं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

2019 चा मे महिना. माझा धाकटा भाऊ कीटोवर होता. पोळी बंद, भात बंद, आंब्याकडे बघून उसासे. कुणीतरी त्याला घरच्या मेयोनीजची कृती दिली: चार अंडी, वाटीभर तेल, चमचाभर लिंबाचा रस, मिक्सरमधून गर्रकन. झालं मात्र झकास. पांढरंशुभ्र, चमचा उभा राहील असं. दुपारी केलं आणि बरणी ओट्यावरच राहिली, कारण फ्रिज आंब्यांनी गच्च भरलेला. बाहेर ऊन चाळिशीला टेकलेलं. रात्री त्याने चिकनबरोबर खाल्लं, आम्हीही चाटून बघितलं. सकाळी आईने काकडीला लावून खाल्लं, तिला फारच आवडलं.

दुसऱ्या रात्री एकेक जण उठायला लागला. मी, भाऊ, वहिनी तीन दिवसांत सावरलो. आई बहात्तर वर्षांची, तिला चार दिवस सलाइनवर ठेवावं लागलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो तिच्या गोळ्यांचा. आई वर्षानुवर्षं सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी घेते. पोटातलं आम्ल हा आपला पहारेकरी. बरेचसे जंतू तिथेच मरतात. गोळीने पहारेकऱ्यालाच झोपवलं होतं. डाएटवाल्यांनो, तुमच्यातही ती गोळी घेणारे कमी नाहीत, माझ्या गल्ल्यावर उभे राहून घेताना बघते मी.

मेयोनीजनेच झालं हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण वहिनीने बरणी घासून पालथी घातली होती. पण लॅबमध्ये शिकलेलं तोवर मला सगळं आठवलं होतं. अंडं अख्खं असतं तोवर पांढरा बलक किल्ल्यासारखा असतो. त्यातलं एक प्रथिन जंतूंच्या भिंती फोडतं, दुसरं लोह धरून ठेवतं आणि जंतूंना मिळू देत नाही. फेटलं, की पिवळ्यातलं सगळं खाणंपिणं पांढऱ्यात मिसळतं आणि किल्ला पडतो. उबेत जंतू अर्ध्या तासात दुप्पट झाला असं धरलं, तर एकाचे सहा तासांत चार हजार होतात. चार अंड्यांतलं एकच वाईट असलं तरी सगळी बरणी वाईट. केरळने 2023 मध्ये, तेलंगणाने 2024 मध्ये आणि तमिळनाडूने 2025 मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली ती याच कारणासाठी.

अंडी कुठली होती हे विचारू नका. आमच्याच दुकानातली. भावाने अजून मला ते ऐकवायचं सोडलेलं नाही.

एवढा धोका पत्करून मिळतं काय, तर कमी. पोरांना जंतूची भीती वाटत नाही, पण हे सांगितलं की त्यांचे चेहरे पडतात. बेल्जियममध्ये 1998 साली पाच माणसांवर प्रयोग झाला. ऑपरेशन होऊन ज्यांच्या लहान आतड्याचं तोंड पोटावर काढलेलं होतं अशी ही माणसं, म्हणजे आतड्याने किती शोषलं आणि किती सोडलं हे थेट मोजता येत होतं. शिजवलेल्या अंड्यातली 91 टक्के प्रथिनं शोषली गेली, कच्च्यातली 51 टक्के. पुढच्या वर्षी धडधाकट माणसांवर बघितलं तेव्हा कच्च्याचा आकडा 65 च्या आसपास आला आणि शिजवलेल्याचा 94. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिन. पाच अंड्यांचे तीस ग्रॅम तुम्ही मोजून पैसे देऊन घेताय आणि त्यातले दहा-पंधरा ग्रॅम संडासात सोडताय. “जिवंत सत्त्व” वाल्या काकांनाही मी हेच सांगितलं. उष्णतेने प्रथिनाची गुंडाळी सुटते आणि आपल्या पाचकरसांना ती तोडायला सोपी जाते. कीटोसाठी म्हणाल तर कच्च्यात आणि उकडलेल्यात कर्बोदकं तेवढीच, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास.

केसांसाठी कच्चं पांढरं पिणाऱ्या मुलींना एक वेगळंच सांगते. कच्च्या पांढऱ्यात ॲव्हिडिन असतं, ते केसांना लागणाऱ्या बायोटिन या जीवनसत्त्वाला असं घट्ट धरतं की शरीराला मिळतच नाही. 1927 मध्ये मार्गारेट बोआस यांनी उंदरांना कच्च्या पांढऱ्यावर ठेवलं तर उंदरांची कातडी बिघडली आणि केस झडले. एखाद-दुसऱ्या अंड्याने काही होत नाही, महिनोन्महिने ढीगभर पांढरं प्यायलं तर होतं. पण केसांसाठी प्यायचं आणि केसच जायचे, ही थट्टा मला फार आवडते. शिजवलं की ॲव्हिडिनचा जोर जातो.

गावरान घेतलं तर? गावरान कोंबडी उकिरडा उकरते, तिला लसही कुणी टोचत नाही. तिच्या अंड्याला चिकटलेलं पीस आणि शीट बघून लोक खूश होतात, अस्सल आहे म्हणून दुप्पट पैसे देतात. द्या, पण उकडून खा. गरम दुधात फेटून? ज्या दुधाचा घोट जिभेला सोसतो ते जंतूलाही बरंचसं सोसतं. ओट्यावर रात्रभर ठेवून सकाळी प्यायचं? आमच्या आईला विचारा.

गेल्या आठवड्यात एक पोरगं असंच दुकानात ट्रे घेऊन उभं होतं. हे सगळं मुकाट ऐकून घेतलं. मग म्हणालं, “काकू, हाफ फ्राय?”

म्हटलं, पिवळं वाहतं ना, मग ते अर्धं कच्चंच. अंड्याच्या पदार्थाला आतपर्यंत 71 अंश गरमी लागायला हवी. तुझ्याकडे थर्मामीटर नसेल तर पिवळं घट्ट झालं का ते बघ. उकडायचं तर पाणी उकळल्यावर दहा मिनिटं, मग गार पाण्यात.

“उकडलेलं सोलताना अर्धं पांढरं सालीबरोबर निघून जातं हो. म्हणून तर कच्चं प्यायला लागलो.”

आता हे खरं कारण निघालं. त्याला सांगितलं, बाळा, ते ताज्या अंड्याचं असतं. आतला पापुद्रा पांढऱ्याला चिकटून बसतो. सात-आठ दिवसांची अंडी घे, साल कोटासारखी उतरते. त्याने हातातला ट्रे खाली ठेवला आणि विचारलं, “तशी आहेत?”

मागच्या मंगळवारच्या ट्रकच्या दोन पेट्या पडून होत्या. एक ट्रे दिला. पाच रुपये कमी लावले.