यवतेश्वरचा घाट: चढ एकट्याने, बाकी सोबतीने

सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या तयारीतला पावसाळी टप्पा आता निम्म्यावर आला आहे. आठवड्यातली कोणती धाव एकट्याने करावी आणि कोणती सोबतीने, हे या टप्प्यात मी मुद्दाम तपासून पाहत आहे. हा वाद आपल्यात नेहमी निघतो आणि तिथल्या तिथे विरतो, कारण सगळ्या धावांना एकच उत्तर लागू पडेल असे आपण धरून चालतो. यवतेश्वरच्या घाटात तरी तसे होत नाही.

2012 पासून होणाऱ्या या स्पर्धेचा 21.1 किलोमीटरचा मार्ग शहरातून निघतो, समर्थ मंदिरावरून पुढे यवतेश्वरचा घाट चढतो, कासच्या रस्त्यावर वळतो आणि त्याच वाटेने खाली येतो. पहिला अर्धा भाग बहुतांशी चढाचा आणि दुसरा उताराचा आहे. 2015 मध्ये अडीच हजारांहून अधिक जण एकाच वेळी हा डोंगर धावले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. पण एवढ्या गर्दीतही घाट सुरू झाला की प्रत्येकाला आपापल्या श्वासावरच चढावे लागते.

त्यामुळे मंगळवारचा चढाचा सराव मी एकट्याने करतो. सपाटीवर सोबत्याचा वेग किलोमीटरमागे दहा सेकंदांनी जास्त असला तरी निभावून नेता येते. चढावर मात्र शरीराचे पूर्ण वजन पावलागणिक वर उचलायचे असते आणि तोच दहा सेकंदांचा फरक दोन-तीन वळणांत छातीत जाणवू लागतो. एकट्याने चढताना मी घड्याळातल्या वेगाकडे पाहत नाही. तीन पावलांना श्वास आत आणि दोन पावलांना बाहेर, एवढे सांभाळतो. हा हिशेब दोन-दोनवर आला की पाऊल आखूड करतो, आणि तरीही जुळला नाही तर पुढच्या वळणापर्यंत वेग आणखी उतरवतो. शेजारी कोणी असेल तर हे बारीक ऐकणे जमत नाही, कारण कान त्याच्या पावलांकडे लागतात. गेल्या पावसाळ्यात ज्या वळणावर चालण्याची वेळ येत असे, ते वळण आता धावतच मागे पडते, आणि माथ्यावर पोहोचल्यावरही पायांत पुढच्या रस्त्यापुरती ताकद उरलेली असते. या हंगामातली माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी प्रगती हीच आहे.

सोबतीने वेग वाढतो, याला पुरावा म्हणून आपल्यात एलिऊड किपचोगेचे उदाहरण हमखास दिले जाते. 12 ऑक्टोबर 2019 रोजी व्हिएन्नात त्याने 1 तास 59 मिनिटे 40 सेकंदांत मॅरेथॉनचे अंतर कापले, तेव्हा 41 धावपटू आळीपाळीने त्याच्याभोवती वारा अडवत धावत होते. तो वेग ताशी सुमारे 21 किलोमीटर होता. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून घाटात ताशी आठ किलोमीटरने चढणाऱ्याला वाऱ्याचा तो अडथळा त्याच्या सातव्या हिश्शाइतकाच असतो. तेव्हा आपल्याला सोबतीचा फायदा होतो तो वाऱ्यापासूनच्या आडोशामुळे होतो, असे मला वाटत नाही.

तो फायदा मला हलक्या धावेत दिसला. हलकी धाव खरोखर हलकी ठेवणे हे एकट्याला फार अवघड जाते. पाय मोकळे झाले की वेग आपोआप चढतो आणि मंगळवारसाठी राखायची ताकद गुरुवारीच खर्च होते. आमच्या गटात साठी ओलांडलेले एक काका आहेत. गोडोलीकडच्या सपाट रस्त्यावर मी त्यांच्याबरोबर धावतो, आणि पाऊल जरा लांब पडले की ते विचारतात, “बोलता येतंय ना? मग जरा बोला की!” पूर्ण वाक्य न तुटता बोलता आले तर वेग बरोबर, ही त्यांची कसोटी आहे आणि माझ्या घड्याळापेक्षा ती मला अधिक खात्रीची वाटते. जलद धावणाऱ्या तरुणांच्या टोळीत हीच धाव पाहता पाहता शर्यत होऊन बसते. म्हणून हलक्या दिवसासाठी आपल्यापेक्षा संथ सोबती शोधावा, असे माझे ठाम मत झाले आहे.

रविवारची लांब धाव मात्र चौघांशिवाय करू नये. जुलै-ऑगस्टमध्ये कासच्या रस्त्यावर धुके इतके दाट उतरते की पुढच्या माणसाचे पिवळे जाकीट दिसेनासे होते आणि ओल्या बुटांचा आवाज तेवढा ऐकू येतो, अशा वेळी वळणाआधीच “गाडी!” अशी हाक देणारा कोणी पुढे असावा लागतो. गटानेही समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, एकामागे एकच धावावे. सप्टेंबरमध्ये फुलांसाठी पर्यटकांच्या गाड्या वाढल्या की हा नियम आणखी काटेकोरपणे पाळावा लागतो.

उताराचा प्रश्न अजून सुटलेला नाही. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, म्हणून खरे दुखणे दुसऱ्या दिवशी कळते. गटात उतरलो की वेग वाढतो आणि सोमवारी जिना उतरणे कठीण होते; एकटा उतरलो की पाय शाबूत राहतात, पण वेळ जास्त लागतो. पुढचे काही रविवार माझ्याच वेगाच्या एका सोबत्याबरोबर फक्त घाटाचा उतार धावायचे ठरले आहे. पहिला किलोमीटर पावले आखूड ठेवून, आणि पुढे कोणी जायचे हे आळीपाळीने ठरवून, आम्ही उतरणार आहोत. सोमवारी मांड्या काय सांगतात, ते पुढच्या नोंदीत लिहीन.